कोरड्या मुलखातली तळी : वळसंगहून निघताना काय पाहावं?

श्रोतेहो, वाळवंटातलं तळ्याकाठचं गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जैसलमेर येतं. तिथला गडीसर तलाव, पाण्यातल्या छत्र्या, भोवतीचा पिवळा दगड. तो तलावही माणसांनीच खोदून घेतलेला आहे, हे मात्र फोटो काढताना आपल्या ध्यानात राहत नाही. आज आपण वळसंगमध्ये जमलो आहोत, तर आपल्याच मुलखाकडे त्या नजरेनं पाहू या.

सोलापूर हे काही वाळवंट नव्हे. वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो अशा प्रदेशाला साधारणपणे वाळवंट म्हणतात. आपल्याकडे त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. तरी उन्हाळ्यात घागर कोरडी का? कारणं दोन. पावसाळी वारे आपलं ओझं सह्याद्रीवर उतरवूनच इकडे येतात. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि आपण पर्जन्यछायेत राहतो. दुसरं असं की काळ्या मातीखाली बेसाल्टचा कातळ आहे. वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत मुरेल तेवढंच पाणी विहिरीला मिळणार. म्हणूनच इथला शेतकरी परतीच्या पावसावर, जमिनीत राहिलेल्या ओलीवर शाळू घेतो.

अशा मुलखात मोठं पाणी दिसलं की समजावं, कुणीतरी ते अडवलं आहे.

सोलापूर शहरात सिद्धेश्वर तलाव आहे. मध्ये मंदिर, काठाला भुईकोट किल्ला. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हा तलाव उभा केला, अशी परंपरा सांगते. संक्रांतीला नंदीध्वजांची यात्रा भरते, तेव्हा सगळं शहर तिथं लोटतं. शहराच्या उत्तरेला, तुळजापूरच्या वाटेवर, एकरुख तलाव. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. आदिला नदीवरचा हा मातीचा बांध इंग्रजी अमदानीत, 1871 मध्ये पुरा झाला.

हैदराबाद रस्त्यानं पूर्वेला गेलं की नळदुर्ग लागतो. तिथं किल्ल्यातच बोरी नदीवर बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613 च्या सुमारास तो बांधला गेला. नदीला भरपूर पाणी असलं की नर आणि मादी हे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहतो! हीच बोरी पुढे अक्कलकोट तालुक्यात येते आणि कुरनूरच्या धरणात पुन्हा अडते.

आणि वाटेतलं माळरान? पाहुणे त्याला ओसाड म्हणतात. पण याच गवतासाठी 1979 मध्ये माळढोक अभयारण्य झालं. नान्नजच्या माळावर काळवीट आणि लांडगे याच गवतावर जगतात.

आता मुद्द्याची गोष्ट. तळ्याकाठी उभं राहिलं की आम्ही दोन प्रश्न विचारतो. हे बांधलं कुणी? आणि यातलं पाणी पिण्याची मुभा कुणाला होती? पहिल्याचं उत्तर निदान अर्धं मिळतं : राजाचं, साहेबाचं नाव राहतं, मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांचं राहत नाही. दुसरा प्रश्न मात्र माहितीफलकावर नसतोच.

त्याचं उत्तर वळसंगमध्ये आहे. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी प्राशन केलं. ते तळं सर्वांना खुलं असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून यायला मार्च 1937 उजाडला. त्याच 1937 साली बाबासाहेब वळसंगला आले आणि इथल्या दलित बांधवांनी खोदलेल्या विहिरीचं पाणी प्याले. गावच्या पाणवठ्यावर शिवू दिलं जात नव्हतं, म्हणून या लोकांना स्वतःसाठी कातळ फोडावा लागला. दुष्काळी गावात पाणी आधीच थोडं. त्यात त्याच्यावर पहारा जातीचा.

ही विहीर आकारानं एकरुखपुढे काहीच नाही. धबधबा नाही, महाल नाही. तेव्हा तुमच्याकडे पाहुणे आले तर हिवाळ्यात बोलवा, शाळू उभा असतो, हवा बरी असते. नळदुर्ग दाखवा, हिप्परगा दाखवा. पण आधी त्यांना या विहिरीशी न्या आणि ती का खोदावी लागली ते सांगा. मग पुढचं प्रत्येक तळं ते वेगळ्या नजरेनं पाहतील.