ज्योत नाही, धूर नाही; तरी गाडीची खिडकी उघडी हवी

गणपतीच्या आदले दोन दिवस मुंबई-गोवा महामार्गावर ज्यांनी काढले आहेत, त्यांना गाडीतच चहा-भात शिजवण्याची कल्पना चैनीची वाटणार नाही. कशेडी ओलांडून खेडच्या भरणे नाक्याला पोहोचेपर्यंत जेवणाची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. गाडीत लहान मुले असतात, वेळेवर खाणे ज्यांना चुकवून चालत नाही असे मधुमेही आजी-आजोबा असतात. त्यातूनच जुनी मिनीबस किंवा ट्रॅव्हलर घ्यायची, मागच्या सीट काढून बाक, पाण्याची टाकी आणि छोटा ओटा बसवायचा, हा प्रकार वाढला. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर त्याला थोडी प्रतिष्ठाही मिळाली. रसाळगडाच्या पायथ्याशी किंवा दापोलीच्या किनाऱ्यावर गाडी उभी करून मुक्काम करणारे आता दिसतात. (गाडीत असा बदल केला की आरटीओकडे नोंद करावी लागते, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते.)

या ओट्यावर गॅसऐवजी इंडक्शन शेगडी ठेवण्याकडे हल्ली कल आहे, आणि तो योग्यच आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर तो दाराच्या फटीतून बाहेर जायला थोडीफार वाट असते. गाडीत तो बाकाखाली, गाद्यांमध्ये, जमिनीलगत साचून राहतो आणि एक ठिणगी पुरते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या रेल्वे डब्यात पहाटे आग लागली आणि नऊ जण गेले. डब्यात नियम मोडून गॅस सिलिंडर आणला होता. धक्के खाणारी गाडी, हादऱ्यांनी सैल होणारी रबरी नळी आणि झोपलेली माणसे एकत्र आली की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नको.

तेव्हा इंडक्शन बरी. पण ‘ज्योत नाही म्हणजे धोका नाही’ हा समज गाडीत घरापेक्षा जास्त महागात पडू शकतो. कारण घरी वीज भिंतीतून येते. गाडीत ती कुठून तरी आणावी लागते.

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडात विद्युत प्रवाह निर्माण करते. तापते ते भांडेच. काच तापते ती भांड्याच्या संगतीने. म्हणून ॲल्युमिनियमचा कुकर किंवा तांब्याचे पातेले तिच्यावर चालत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर ते चालेल, ही साधी परीक्षा. बहुतेक उष्णता भांड्यातच राहत असल्याने गाडीत उकाडा कमी होतो. फोडणीचा धूर मात्र इंडक्शनवरही होतो. तापलेल्या तेलातून निघणारे सूक्ष्म कण शेगडी कोणती आहे हे बघत नाहीत, आणि दमेकरी माणसाला दहा बाय सहा फुटांच्या जागेत ते चांगलेच त्रास देतात.

आता विजेचा हिशेब. दोन हजार वॉटची शेगडी घरच्या २३० व्होल्टवर नऊ अँपिअरहून कमी प्रवाह घेते. तीच शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरमार्फत चालवली तर बॅटरीतून १८० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचला जातो. एवढ्या प्रवाहाला तारेचा एखादा सांधा जरा सैल असला, त्याचा विरोध ओहमच्या पाच हजारांशाइतका जरी असला, तरी त्या एका ठिकाणी १६० वॉट उष्णता तयार होते. प्लायवूडच्या पेटीत, फोमच्या गादीखाली. शेगडीला ज्योत नसली तरी अशा सांध्याला ती लागू शकते. बॅटरीजवळच योग्य फ्यूज, जाड केबल आणि घट्ट दाबलेली टोके यांवर इथे काटकसर करू नये. शेगडीवर ‘४०० वॉट’ दाबले म्हणून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही. स्वस्त शेगड्या कमी आचेवर सलग कमी वीज घेत नाहीत. त्या पुष्कळ वीज थोडा वेळ घेतात, थांबतात, पुन्हा घेतात. त्यामुळे इन्व्हर्टर पूर्ण भार पेलणारा आणि शुद्ध साइन वेव्हचाच हवा.

लिटरभर पाणी उकळायला साधारण एक दशांश युनिट वीज लागते, म्हणजे चहा परवडतो. चौघांचा वरण-भात आणि एखादी भाजी करायची तर अर्धा ते पाऊण युनिट धरावे. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १.८ युनिट देते. ती खराब होऊ नये असे वाटत असेल तर त्यातले निम्मेच वापरता येते. म्हणजे एक जेवण झाले की बॅटरी संपली. ऑगस्टमध्ये कोकणात टपावरच्या सौर पॅनेलकडून फार आशा करू नये. मग काय होते? कुणीतरी म्हणते, ‘छोटा जनरेटर सोबत घेऊ,’ किंवा ‘इंजिन चालू ठेवू, बॅटरी चार्ज होईल.’

खरा धोका इथे सुरू होतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याचे तपासातून पुढे आले. ना आग, ना स्फोट, ना झटापट.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला जितक्या ओढीने धरते, त्याच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने ते याला धरते. त्यामुळे हवेत हा वायू अगदी थोडा असला तरी तास-दोन तासांत रक्तातली बरीचशी जागा तो अडवतो आणि मेंदू व हृदय प्राणवायूवाचून तडफडू लागतात. सुरुवातीची लक्षणे काय? डोके दुखणे, मळमळ, उलटी, चक्कर, अंगात त्राण नसल्यासारखे वाटणे. घाटातून आलेल्या कोकणी माणसाला याचा अर्थ विचारला तर तो एका शब्दात सांगेल: गाडी लागली. मग लिंबाची फोड चोखायला दिली जाते, पांघरूण घालून झोपवले जाते, पाऊस आत येतो म्हणून खिडकीही लावून घेतली जाते. नेमके हेच करायचे नसते.

फरक ओळखण्याच्या दोन-तीन खुणा आहेत. गाडी लागणे चालत्या गाडीत होते आणि थांबल्यावर हळूहळू ओसरते. हा त्रास गाडी उभी असताना वाढत जातो. एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले आणि आत आल्यावर पुन्हा सुरू झाले, तर दुसरे कारण शोधत बसू नये. इंजिन, जनरेटर बंद करावे, सगळ्यांना बाहेर काढावे आणि १०८ ला फोन करावा. खेड परिसरात असाल तर कळंबणीचे उपजिल्हा रुग्णालय महामार्गालगत आहे. तिथे ‘गाडीत जनरेटर चालू होता’ हे वाक्य आपणहून सांगावे. कोविडपासून घराघरांत आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते, आणि माणूस बेशुद्धीकडे चाललेला असताना तो ९८ दाखवू शकतो. उपचार म्हणजे मास्कमधून पूर्ण प्राणवायू. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. पूर्ण प्राणवायूवर सुमारे तास-दीड तास. गरोदर स्त्री, लहान मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी परतू नये.

जनरेटर गाडीत, टपावरच्या पेटीत किंवा मागच्या दाराशी चालवूच नये. तो गाडीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवा, आणि रात्री झोपताना बंद. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र बाजारात मिळते. गाडीच्या पडद्यांवर होणाऱ्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. लांबचा प्रवास करणाऱ्याने ते आधी घ्यावे, शेगडी नंतर.

जनरेटर नको म्हणून काही जण ढाब्यावरून वायर ओढतात. शेगडीला १६ अँपिअरचा प्लग पॉइंट लागतो. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटमध्ये ती लावली की सॉकेट वितळते. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली ठेवून वापरली तर ती आतल्या आत तापते, म्हणून पूर्ण उलगडावी. ओला चिखल, अनवाणी पाय आणि पत्र्याची बॉडी असताना अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी नसेल, तर त्या रात्री वडापाववर भागवलेले बरे.

पेसमेकर बसवलेल्यांनी चालू इंडक्शनपासून छाती साधारण दोन फूट दूर ठेवावी, भांडे वेटोळ्याच्या मधोमध ठेवावे आणि पातेल्याला सतत हात लावून उभे राहू नये. घरात हे सहज जमते. गाडीच्या अरुंद ओट्यापाशी वाकून फोडणी देताना जमत नाही. ते काम दुसऱ्याने करावे, एवढेच.

राहिले भाजणे. इंडक्शनवर कपड्यांना ज्योत लागत नाही, पण उकळता चहा, भाताची पेज आणि कुकरची वाफ तितकीच गरम असते. चालत्या गाडीत शेगडी लावायची नाही, यात पळवाट नाही. खड्ड्यात एक चाक गेले की पातेले मांडीवर बसलेल्या मुलाच्या अंगावर येते. भाजलेच तर अंगठ्या-बांगड्या लगेच काढाव्यात आणि वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. मिनिटाला लिटरभर, अशी बारीक धार धरली तरी वीस लिटर पाणी लागते. गाडीच्या टाकीतले तेवढे पाणी भांडी घासण्यात संपू देऊ नये.