टोचण्याआधी बोला

गळू फोडताना किंवा टाके घालताना ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून रुग्णाला गप्प करण्याची सवय आता सोडायला हवी. छोट्या उपचारातली बरीचशी वेदना टाळता येते. जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची आग बऱ्याच अंशी त्याच्या आम्लतेमुळे होते; त्यात सोडियम बायकार्बोनेट योग्य प्रमाणात मिसळलं, औषध कोमट केलं आणि बारीक सुईनं सावकाश टोचलं, तर ती कमी होते, हे चाचण्यांतून दिसलं आहे. लस टोचताना बाळाला अंगावर पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१५ साली सुचवलं.

ओपीडीतल्या गर्दीत एवढा वेळ कुठला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण घाबरलेला रुग्ण हात मागे ओढतो, तेव्हा वेळ जास्तच जातो. बोलणंही जपून हवं. ‘आता आग होईल’ असे इशारे दिल्यानं वेदना आणि धास्ती वाढल्याचं २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. म्हणून ‘अजिबात दुखणार नाही’ असं खोटं सांगावं का? मुळीच नाही, पुन्हा विश्वास बसत नाही. काय करणार, किती वेळ लागेल आणि कधी थांबवता येईल, एवढं सांगावं. तेही निपाणीच्या विडी कामगार मावशींना मराठीत आणि बेळगावात उपचाराला आलेल्या गोकाकच्या शेतकऱ्याला कन्नडमध्ये.