विकासाचा अभ्यास : तीन प्रश्न आणि एक रेषा

‘विकास अध्ययन’ हा विषय विद्यापीठांत आला तो वसाहती स्वतंत्र होऊ लागल्यावर. नेदरलँड्समधील हेग येथे 1952 मध्ये, तर इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात 1966 मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. ससेक्सच्या संस्थेचे पहिले संचालक डडली सीअर्स यांनी 1969 मध्ये तीन प्रश्न मांडले : देशात गरिबीचे, बेरोजगारीचे आणि विषमतेचे काय होते आहे? उत्पन्न वाढूनही हे तिन्ही बिघडले, तर त्याला विकास म्हणता येणार नाही. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथूनच होते.

अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने 1990 मध्ये मानव विकास निर्देशांक आला. त्यात उत्पन्नासोबत आयुर्मान आणि शिक्षणही मोजले जाते.

या अभ्यासात पुण्याचाही मोठा वाटा आहे. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये रोजच्या 2250 कॅलरींच्या आधारे भारतातील गरिबी मोजणारा ग्रंथ लिहिला. दारिद्र्यरेषेवरचा पुढचा वाद समजून घ्यायचा, तर परदेशी पाठ्यपुस्तकांआधी विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ जरूर वाचावा.