लंगोट: समज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींत डाव शिकण्याआधी लंगोट बांधता यावा लागतो. त्रिकोणी कापड पाठीकडून लावून नाड्या पुढे बांधायच्या, लोंबतं टोक पायांमधून पुढे घेऊन नाड्यांखालून ओढायचं आणि पुन्हा मागे नेऊन घट्ट खोचायचं. वस्त्र एवढंच, पण त्याभोवतीचे गैरसमज फार चिवट आहेत.

पहिला म्हणजे, हे दारिद्र्याचं वस्त्र. करदोड्यात खोचलेली लंगोटी गरिबाच्या अंगावर असे हे खरं, पण मुंजीत बटूलाही तीच नेसवतात आणि रमण महर्षी कौपीनावरच, म्हणजे लंगोटीवरच, राहिले. गांधीजींनी 1921 मध्ये मदुराईत लंगोटी स्वीकारली असं सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात तो गुडघ्यापर्यंतचा पंचा होता.

दुसरा समज, मल्ल निव्वळ परंपरा म्हणून लंगोट लावतात. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा जांघ्या-लंगोट धरून डाव मारता येतो, मॅटवर पोशाख धरणं नियमबाह्य आहे. मातीतल्या कुस्तीतली ती ओढ सोसेल आणि नाजूक अवयव जागच्या जागी राहतील, यासाठी हे कापड लागतं. मल्लखांबावर मांड्यांची पकड उघड्या कातडीनेच बसते, तिथेही लंगोट हवाच.

‘लंगोटाचा पक्का’ म्हणजे संयमी माणूस. म्हणून लंगोट घट्ट बांधला की ब्रह्मचर्य आपोआप पाळलं जातं, असं काहींना वाटतं. संयम येतो तो पहाटेचं उठणं, जोर-बैठका, खुराक आणि वस्तादाचा धाक यांतून. कापडाला त्याचं श्रेय देणं हा त्या मेहनतीवर अन्याय आहे.

सर्वांत घातक समज हर्नियाचा: लंगोट लावला की हर्निया होत नाही. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून बहुधा आतडं बाहेर डोकावतं, तो हर्निया. लंगोट वृषणांना आधार देतो, ती भिंत मजबूत करत नाही. उलट, लंगोटाने वंध्यत्व येतं यालाही आधार नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी 2018 मध्ये 656 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सैल अंतर्वस्त्रं घालणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण 25 टक्के जास्त होतं, पण इतरांची सरासरीही सामान्य मर्यादेतच होती.

वस्तादांना कळकळीची विनंती आहे. खोकताना किंवा वजन उचलताना जांघेत फुगवटा दिसला, तर पोराला लंगोट आवळायला सांगू नका, सर्जनकडे पाठवा. फुगवटा कडक होऊन दुखू लागला, उलट्या झाल्या, तर लगेच रुग्णालय गाठा.