आर्येत ओवलेला मंत्र

१९५८ साली न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत जॉन केज या संगीतकाराची हस्तलिखित स्वरलेखनं चित्रांसारखी मांडली गेली. वाजवणाऱ्यासाठी केलेली पानं लोक भिंतीवर पाहत होते. पुढे १९७१मध्ये केजने मर्स कनिंगहॅम या नर्तकाच्या नावाची अक्षरं ओळींच्या मधोमध उभी ओवून ६२ रचना केल्या. त्यासाठी सातशेहून अधिक वळणांचे ठसे हाताने कागदावर उतरवले. पान चित्र म्हणून पाहावं आणि गळ्यातून उमटवावं, असा बेत होता.

बारामतीकरांनी याचं फार नवल करू नये. मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजे आपले मोरोपंत (१७२९–१७९४), पन्हाळ्याहून इथे आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी जन्मभर राहिले. १०८ रामायणं लिहिल्याची त्यांची ख्याती आहे. कथा तीच, दर वेळी बंधन मात्र नवं. ‘मंत्ररामायणा’त ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ही तेरा अक्षरं रचनेत गुंफलेली आहेत. कीर्तनात आर्या ऐकणाऱ्याला कथा कळते, मंत्र सहसा सुटतो. तो सापडायला पान समोर हवं. जुन्या पोथीत तर शब्दही सलग लिहिलेले असत, म्हणजे डोळ्यांना दुप्पट काम.

‘निरोष्ठ रामायण’ मला याहून धीट वाटतं. त्यात ओठ मिटून उमटणारी अक्षरं वर्ज्य: प, फ, ब, भ, म. रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचं नाही! इथे कवी गाणाऱ्याच्या तोंडालाच सूचना देतो. आरशासमोर वाचून पाहा, ओठ एकमेकांना लागत नाहीत. स्वर कोणता लावायचा हे कुठेच लिहिलेलं नाही, पण तोंड कसं हलायचं हे अक्षरांनीच ठरवलेलं आहे.

काळाचा हिशेबही पानातच असतो. पंतांची आर्या बहुधा गीती, चरणांच्या मात्रा १२, १८, १२, १८, एकूण ६०. मात्रा पक्क्या, चाल कीर्तनकाराची. संगीतशास्त्री भातखंड्यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राखाली टिंब आणि समेवर फुली असते. तिथे स्वर बांधलेला. पंतांनी नेमका तोच मोकळा सोडला. म्हणून पंतांच्या पोथीला स्वरलिपी म्हणता येणार नाही. पण पाहण्याजोगी आणि गाण्याजोगी संहिता म्हणून ती केजच्या पानांशेजारी बसवायला मला संकोच वाटत नाही.

आपल्याकडे ही परंपरा जुनीच. संस्कृत कवी माघाच्या ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात मुरजबंध, म्हणजे मृदंगाच्या आकाराची अक्षररचना आहे. त्याची अक्षरं मृदंगाच्या वादीसारखी तिरकी जात-येत वाचायची. काव्यशास्त्रकार मम्मटाने मात्र व्यंग्यार्थ नसलेल्या अशा शब्दांच्या करामतीच्या काव्याला, म्हणजे चित्रकाव्याला, सगळ्यांत खालची पायरी दिली. पंतांवरही शब्दांच्या कसरतीचा आरोप झाला. ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांची बाजू घेतली, तीही मुख्यतः कवित्वाची. खरं सांगायचं तर यांतली काही रामायणं वाचताना मीही कंटाळतो. पण नुसता रस आणि अर्थ शोधून त्यांना नापास करणं म्हणजे मृदंगाला राग विचारणं. पान कसं दिसतं आणि म्हणताना तोंडात काय घडतं, हे दोन्ही एकदम पाहिल्यावरच त्यांची किंमत ठरवावी.

त्यासाठी पानं उरायला हवीत. बारामतीहून नीरेकडे जाताना लागणारं पणदरे असो की इंदापूरकडची गावं, कीर्तनकारांच्या घरात आर्यांच्या जुन्या वह्या आणि पोथ्या असतील तर त्या नदीत सोडू नका. आधी पानांची छायाचित्रं घ्या, समास आणि खाडाखोडीसकट. मग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा भांडारकर संस्थेला एकदा विचारा.