मण्यांसाठी काचेचा चुरा : डबा स्वयंपाकघरातून घ्या, पण परत नेऊ नका

इंदूर : पोह्यावर जिरावन भुरभुरायची छिद्रांची डबी इंदुरात कुणाला नवी नाही. तीच डबी काचेचे मणी करणाऱ्याच्या टेबलावरही चालते. फरक इतकाच, की आत जिरावनऐवजी रंगीत काचेची भुकटी असते. मणी तापून मऊ झाला की त्यावर ही भुकटी भुरभुरायची, पुन्हा ज्योतीत धरायचा, की रंगाचे ठिपके मण्यात विरघळून बसतात. हत्यार स्वस्त आहे आणि काम चोख होतं. पण हीच डबी उद्या चुकून ओट्यावर गेली तर? काचेच्या चुऱ्याच्या जुगाडातला खरा प्रश्न हा आहे.

काचेच्या मण्यांची जुनी गावं दुसरीकडे आहेत. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर आणि आंध्रात तिरुपतीजवळचं पापानायडुपेट ही त्यातली ठळक नावं. महाराष्ट्राचाही या मालाशी जुना संबंध आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या उत्खननात काचेचे मणी निघाले आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात ते पाहायला मिळतात. आता मात्र छोटा बर्नर, काचेच्या कांड्या आणि मातीचा लेप दिलेली सळई एवढ्यावर घरीसुद्धा मणी करता येतो. कांड्या आणि बर्नर विकत घ्यावे लागतात. चुऱ्याची बाकी सामग्री इंदूरच्या बर्तन बाजारात आणि सियागंजात, नाहीतर घरच्या माळ्यावर मिळते.

चुरा म्हणजे काय, आणि कुठल्या काचेचा?

या कामात चुऱ्याला ‘फ्रिट’ म्हणतात. त्याचे तीन प्रकार घरच्या भाषेत सांगायचे तर साखरेएवढा, रव्याएवढा आणि मैद्यासारखा. साखरेएवढ्या दाण्याचे मण्यावर ठळक ठिपके उठतात, रव्याएवढ्याने पोत येतो आणि मैद्यासारख्या भुकटीने रंगाचा सलग थर बसतो.

चुऱ्यापासून अख्खा मणी घडवण्याची पद्धतही आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशातले क्रोबो कारागीर टाकाऊ बाटल्या कुटून भुकटी करतात आणि ती मातीच्या साच्यातल्या खळग्यांत भरतात. भोकासाठी मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तेच झाड. साचा भट्टीत गेला की देठ जळून जातो आणि भोक शिल्लक राहतं. बाटली, माती आणि देठ यावरच तिथला धंदा उभा आहे.

आपल्याकडे रंगीत काच म्हटलं की पहिल्यांदा बांगड्या आठवतात. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. अशा वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे मण्याला वापरायचा मोह होतो. पण दोन काचा एकत्र करताना तापल्यावर दोन्ही सारख्या फुगतात का आणि थंड होताना सारख्या आकसतात का, हे बघावं लागतं. मण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या मऊ काचेचा प्रसरणाचा आकडा साधारण १०४ असतो, खिडकीच्या आणि बाटलीच्या काचेचा ८५ ते ९० च्या आसपास आणि प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेचा ३३. आकडे जुळले नाहीत तर आज सुंदर दिसणारा मणी दोन दिवसांनी आपोआप तडकतो.

यावर एक सोपी परीक्षा आहे. दोन्ही काचांचे तुकडे शेजारी-शेजारी जोडून तापवायचे आणि ओढून बारीक तार काढायची. तार थंड झाल्यावर सरळ राहिली तर जोडी जमली. एका बाजूला वाकली तर त्या बाजूची काच जास्त आकसते, म्हणून ती जोडी सोडून द्यावी. काही काचा मात्र कुटायच्याच नाहीत. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, जुन्या टीव्हीच्या पडद्याच्या नळीत शिसं असतं आणि आरशाच्या पाठीला रंगाचा थर असतो.

कुटायचं कसं

तापलेली काच थंड पाण्यात सोडली की ती आतून तडकते आणि मग कमी कष्टात कुटली जाते. पाण्यासाठी स्टीलचं भांडं घ्यावं, प्लॅस्टिकचं नको. डोळ्यांना सर्व बाजूंनी बंद असणारा चष्मा आधी लावावा.

कुटायला लोखंडी खलबत्ता उत्तम. दुसरा उपाय म्हणजे जाड लोखंडी नळीला खालून बूच बसवायचं आणि आत सैल जाईल अशी भरीव सळई वरून आदळायची. तोंडाशी कापड गुंडाळलं की तुकडे बाहेर उडत नाहीत. इथे एक बारकावा आहे. प्लंबरकडे मिळणारी चकचकीत जीआय नळी स्वस्त पडते, पण तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. लोखंडाचा कीस चुऱ्यातून लोहचुंबकाने निघतो, जस्ताचा निघत नाही. तो चुऱ्याबरोबर ज्योतीत गेला तर त्याचा धूर होतो आणि हा धूर छातीला वाईट. म्हणून नळी साध्या लोखंडाची घ्यावी आणि कुटून झाल्यावर चुऱ्यातून चुंबक दोन-तीनदा फिरवावा. चुंबक आधी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा. मग पिशवी उलटी केली की कीस एका झटक्यात सुटतो.

कुटताना खलात थोडं पाणी घातलं तर धूळ उडत नाही. मात्र चुरा वापरण्याआधी पूर्ण वाळला पाहिजे. ओलसर चुरा गरम मण्याला लागला की वाफेने दाणे उडतात.

डबे, चाळण्या, चमचे

चाळायला पिठाची, रव्याची आणि मैद्याची अशा तीन स्टीलच्या चाळण्या पुरतात. ओल्या चुऱ्याला चहाची गाळणी चालते. डबीत चुरा भरायला जुनी लग्नपत्रिका कामाला येते. तिच्या जाड गुळगुळीत कागदाचं नरसाळं केलं की दाणा अडकत नाही. रांगोळी भरायची नळी आणि टोकाची बाटलीही उपयोगी आहे, कारण बारीक भुकटी नेमकी रेघेत सोडणं हे रांगोळीचंच काम आहे.

गरम मणी चुऱ्यात घोळवायला स्टीलची उथळ ताटली किंवा डब्याचं झाकण घ्यावं. ज्योतीजवळ प्लॅस्टिक अजिबात नको. साठवणीलाही स्टील किंवा काचेची बरणी बरी, कारण प्लॅस्टिकला स्थिर विजेने भुकटी चिकटते आणि झाकण उघडताच उडते.

सगळ्यात मोह होतो तो मसाल्याच्या डब्याचा. सात वाट्या, सात रंग, वर एक झाकण. दिसायला छान, पण डबा एकदा कलंडला की लाल चुरा निळ्यात आणि निळा पांढऱ्यात जातो. प्रत्येक वाटीला स्वतःचं घट्ट झाकण असेल तरच तो उपयोगाचा.

परत ओट्यावर नाही

इथपर्यंत सगळं काटकसरीचं आहे. पण पांढऱ्या काचेचा चुरा साखरेसारखा दिसतो, भुकटी मिठासारखी किंवा मैद्यासारखी दिसते आणि पिवळी भुकटी हळदीसारखी. डबाही स्वयंपाकघरातलाच. घरात म्हातारं माणूस असतं, लहान मूल असतं, कामाला येणाऱ्या मावशी असतात. त्यांनी डबा ओळखीचा म्हणून उचलला तर दोष त्यांचा नाही.

कितीही धुतलं तरी चाळणीच्या जाळीत आणि खलाच्या खरवडीत काचेचे कण राहतातच. लाल, केशरी, पिवळ्या रंगांच्या काही काचांत कॅडमियम असतं, काहींत शिसं असतं. म्हणून नियम एकच. एकदा काचेला लागलेलं भांडं कायमचं काचेचं. ते घासून परत फडताळात ठेवायचं नाही, भंगारवाल्याला देण्याआधीही वेडंवाकडं ठोकून टाकायचं. डब्यावर लाल रंगाने ‘काच’ असं ठळक लिहावं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी फुलीचं चित्र काढावं. औषधाच्या बाटल्या आणि खाऊचे डबे तर या कामाला घेऊच नयेत.

कापण्यापेक्षा धूळ वाईट

काच म्हटलं की हात कापेल ही भीती असते. ती खरी आहे, पण कापलेलं दिसतं आणि बरंही होतं. श्वासातून गेलेली बारीक धूळ दिसत नाही.

इंदूरच्या आसपासच्या जिल्ह्यांना ही धूळ माहीत आहे. मंदसौरच्या स्लेट-पेन्सिल कारखान्यांत मजुरांना सिलिकोसिस जडला आणि १९८२ मध्ये राज्याला त्यांच्यासाठी कल्याण निधीचा कायदा करावा लागला. झाबुआ, अलिराजपूर, धारचे आदिवासी मजूर गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले. गारगोटीची ही भुकटी काचधंद्याचा कच्चा माल आहे. त्यातल्या २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये केली आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला.

इथे गल्लत मात्र करू नये. गारगोटीतली सिलिका स्फटिकरूप असते आणि सिलिकोसिस होतो तो तिच्यामुळे. काच वाळूपासूनच होते, पण वितळून थंड झाल्यावर तिच्यात स्फटिक उरत नाहीत. त्यामुळे काचेची भुकटी गारगोटीइतकी घातक नाही. पण निरुपद्रवीही नाही. ती घसा आणि छातीला त्रास देते आणि रंगातले शिसं-कॅडमियम शरीरात नेते.

म्हणून तोंडाला रुमाल किंवा ओढणी बांधून भागत नाही, कारण बारीक कण त्यातून आरपार जातात. चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा. कुटताना आणि चाळताना पंखा बंद ठेवावा. टेबलावरची भुकटी फुंकरीने उडवू नये, कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ते फडकं घरच्या कपड्यांत धुऊ नये. खल धुतलेलं पाणी मोरीत ओतू नये. बादलीत रात्रभर ठेवलं की काच तळाशी बसते. वरचं पाणी निथळून घ्यावं आणि खालचा गाळ वाळू न देता जाड पिशवीत बांधावा.

इंदुरात घरोघरी कचरा वेगवेगळा करून द्यायची सवय आता अंगवळणी पडली आहे. पण पिशवी कितीही वेगळी ठेवली तरी ती शेवटी कुणीतरी हाताने उचलतंच. काचेचा गाळ आणि तुकडे पत्र्याच्या डब्यात भरून, झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘काच’ असं लिहून आणि गाडीवाल्याला तोंडाने सांगूनच द्यावेत.

जुगाडाचा हिशेबही साधा आहे. खलबत्ता, तीन चाळण्या, दोन-चार डबे घरातून काढून घेतले, तर तितकीच भांडी स्वयंपाकघरासाठी नवी घ्यावी लागतात. तो खर्च मण्याच्या किमतीत आधीच धरावा. तो वाचवायला गेलं की भांडी परत ओट्यावर जातात.