ढेकणांचा बंदोबस्त

आजऱ्याकडील पाऊस घनसाळ भातास पोषक खरा. परंतु त्या दिवसांत अंथरुणास ऊन दुर्मिळ होते. म्हणून ढेकणांचा बंदोबस्त शेतकरीबंधूंनी वैशाखातच उरकावा, अशी आमची सूचना आहे.

ढेकूण खाटेच्या सांध्यांत व भिंतीच्या भेगांत दडतो. रक्तावाचून तो कित्येक महिने जगतो. सबब घर बंद ठेवल्याने तो मरत नाही. खाट अंगणात काढून सांध्यांत उकळते पाणी ओतावे व पांघरुणे कढत पाण्यात बुडवून ठेवावी. पन्नास अंशांहून अधिक उष्णता काही वेळ टिकल्यास ढेकूण व त्याची अंडी दोन्ही मरतात. निसटलेल्या अंड्यांतून पिले निघतात, यास्तव आठ-दहा दिवसांनी हाच क्रम पुन्हा करावा. भेगा लिंपून टाकाव्या.

पिकावरील औषध मात्र खाटेवर कदापि शिंपडू नये. तेथे निजणाऱ्या लेकरांस विषबाधेचे भय असते, आणि ढेकूण औषधास सरावतात. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण १९३९ साली कळला. १९४७ सालीच हवाई बेटांत तिला न जुमानणारे ढेकूण आढळले. उकळत्या पाण्यास मात्र कोणताही ढेकूण सरावलेला नाही.